दामलेकाकांचा आठ महिन्यांचा चातुर्मास

दामलेकाकांनी आयुष्यात एकही हरीण मारलं नाही. हरीण सोडा, घरात झुरळ दिसलं तरी ते आधी दार उघडून त्याला वाट करून द्यायचे आणि मग सुनेला हाक मारायचे. तरीसुद्धा आमच्या नेपरव्हिल गावाच्या पश्चिमेला, जिथे मक्याची शेतं सुरू होतात, तिथल्या एका धनुष्यबाणवाल्यांच्या क्लबात सहा दाढीवाले शिकारी फेब्रुवारी लागला की हात धुऊन, टोप्या काढून पुस्तक ऐकायला बसतात, ते काकांमुळे. हे मी कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, स्मिता, तू बरी आहेस ना? मी ठणठणीत आहे. मी फक्त काकांची ड्रायव्हर होते.

काका म्हणजे अनंत दामले. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत शेजारच्या दारात राहणाऱ्या निखिलचे वडील. सांगलीला वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. आपण बाजारात पाय ठेवला की दुकानदार घाईघाईने तराजू पुसायला लागत, असं ते स्वतःच सांगायचे, म्हणजे निम्मं तरी खरं असणार. रिटायर झाले, मग काकू गेल्या, आणि निखिल त्यांना इकडे घेऊन आला. तिकडून त्यांनी दोनच वस्तू आग्रहाने आणल्या. एक काकूंची शिऱ्याची कढई आणि दुसरा खिशातला स्टीलचा टेप. त्या टेपने त्यांनी आल्याआल्या माझी पार्किंगची जागा मोजली आणि तुझी जागा निखिलपेक्षा चार इंचांनी मोठी आहे हे मला आरोप केल्यासारखं सांगितलं. एकदा बारा इंची म्हणून आणलेला पिझ्झा सव्वाअकरा भरला. काका तो खोक्यासकट दुकानात परत घेऊन गेले आणि काउंटरवरच्या पोराला टेप धरायला लावला. पोराने बिचाऱ्याने घाबरून दुसरा पिझ्झा फुकट दिला. काकांनी तोही मोजला.

आमच्या नागपुरात अशा माणसाला लोक लांबूनच नमस्कार करतात. मीही तेच करायचे. पण काकांपासून लांब राहणं सोपं नव्हतं, कारण ते माणसाला पकडून वाचून दाखवायचे. मेलबॉक्सपाशी गाठलं की हाउसिंग असोसिएशनची नोटीस वाचून दाखवत. बर्फ उचलत असले की शेजारी उभे राहून बर्फ वितळवायच्या मिठाच्या पिशवीवरच्या सूचना वाचत. मी कानात इयरफोन घालून कॉल चालू आहे असं दाखवायचे, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा कॉल चालू नसायचा.

मग एकदा त्यांनीच सांगितलं. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी काकू मेथी, गवार, तांदूळ असलं काहीतरी निवडत बसायच्या आणि काका त्यांना वाचून दाखवायचे. पेपर, पंचांग, औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, वाण्याकडून पुडीला गुंडाळून आलेला चिटोरा, काहीही. काकू मान वर करायच्या नाहीत, नुसतं "हं" म्हणायच्या. तेवढ्यावर यांचं पुढचं पान चालायचं. इथे निखिल दिवसभर हेडफोनमध्ये आणि नात अन्वी म्हणाली, "आजोबा, आय कॅन रीड." काका मला म्हणाले, "वाचायला चष्मा लागतो गं. वाचून दाखवायला माणूस लागतं." त्या दिवशी मी इयरफोन काढून ठेवला आणि मिठाची अख्खी पिशवी ऐकली.

त्याच हिवाळ्यात त्यांना पुस्तकांचा एक खोका मिळाला. लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीचा शेवटचा दिवस होता. कोणीतरी वारलेल्या शिकाऱ्याच्या घरून आलेली तेवीस पुस्तकं एका खोक्यात तशीच पडून होती, कोणी हात लावेना. काका म्हणाले, वाचणाऱ्या माणसाची पुस्तकं अशी बेवारस राहू नयेत, आणि खोका उचलून घरी आणला. सगळी पुस्तकं एकाच विषयाची निघाली, साध्या लाकडी धनुष्याने हरणाची शिकार करणाऱ्यांची. हे लोक कप्प्या आणि दुर्बिणी लावलेल्या नव्या धनुष्यांना नाकं मुरडतात. एक वाकलेलं लाकूड, एक दोरी, पिसं लावलेला बाण आणि आपले डोळे, एवढ्यावर ते जंगलात जातात. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत काका. जानेवारी संपेपर्यंत तेवीसच्या तेवीस वाचून झाली. कोणतं लाकूड किती वाकतं, हरणाचा कान कुठल्या बाजूला वळला की ते पळणार, सगळं पाठ. धनुष्य मात्र त्यांनी तोपर्यंत एकदाही हातात धरलेलं नव्हतं.

"स्मिता, गुरुवारी चारला तू मोकळी आहेस," ते एक दिवस म्हणाले. हा प्रश्न नव्हता. मी मोकळी नव्हते, पण काकांना तसं पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचाय. इंटरनेटवर त्यांनी क्लब शोधला होता, चाळीस मिनिटांवर.

क्लब म्हणजे बर्फात उभी एक लाकडी खोली, आत शेगडी, बाहेर नेम धरायचं मैदान. मैदानाच्या टोकाला फोमचं एक हरीण उभं होतं, शिंगांसकट. खोलीत सहा जण बाण घासत बसले होते. त्यांच्यातला म्हातारा म्हणजे रॉय, रिटायर्ड प्लंबर, छातीपर्यंत पांढरी दाढी. त्याने आम्हाला बघून विचारलं, रस्ता चुकलात का? काका म्हणाले, नाही, मला फक्त एक धनुष्य बघायचंय. रॉयने आपलं दिलं. काकांनी ते हातात घेतलं, कोणतं लाकूड, कुठल्या बाजूने तासलंय, दोरीला मेण कधी लावलं होतं, सगळं सांगितलं. रॉयची दाढी हलायची थांबली. इथवर सगळं छान चाललं होतं.

मग काका मैदानावर गेले. वीस यार्डांवर पिवळी रेघ मारलेली होती. काकांनी टेप काढला. मी म्हटलं, काका, राहू द्या. त्यांनी टेपचं एक टोक माझ्याच हातात दिलं. रेघ एकोणीस यार्डांवर निघाली. म्हणजे हे सहा जण कितीतरी वर्षं वीस समजून एकोणीसवरून बाण मारत होते. रॉय इतका हसला की त्याला खांबाला धरावं लागलं. पण ती रेघ ज्याने मारली होती तो ब्रायन, उंचापुरा, चाळिशीचा, इन्शुरन्सच्या ऑफिसात काम करणारा माणूस, तो हसला नाही. पुढच्या गुरुवारी त्याने नवी रेघ बरोब्बर वीसवर मारली. जुनी रेघ पुसट दिसत राहिली. काकांशी मात्र तो त्यानंतर कामापुरतंच बोलायचा.

शेगडीपाशी कॉफी पिताना रॉय म्हणाला की आता ऑफ-सीझन. शिकार जानेवारीत संपली ती थेट ऑक्टोबरला उघडणार. तोवर नुसतं बसायचं, बाण दुरुस्त करायचे, बिअर प्यायची. काकांचे डोळे चमकले. ते म्हणाले, आमच्याकडे पावसाचे चार महिने लोक कुठे जात नाहीत, देवळात बसून पोथी ऐकतात, त्याला चातुर्मास म्हणतात. तुमचा तर आठ महिन्यांचा आहे. मग तुम्ही काय वाचता? सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. रॉय म्हणाला, मी एकदा वॉर्निशच्या डब्यावरचं वाचलं होतं, पण शेवटपर्यंत नाही. काकांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जी दया पाहिली, ती त्यांनी माझ्यावर कधी दाखवली नाही.

पुढच्या गुरुवारी यादी तयार होती. तेवीसातली पाच पुस्तकं, क्रमाने. नेम कसा धरावा यावरचं एकही नाही, कारण तो सीझनचा विषय, उपासाच्या दिवशी जेवणाच्या गप्पा मारू नयेत असं काकांचं म्हणणं. पहिलं वाऱ्यावरचं. दुसरं झाडांच्या साली आणि पानं ओळखायचं. तिसरं एका शेतकरीण बाईची वही, तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं हरणं पाहिली आणि रोज दोन ओळी लिहिल्या. एकही हरीण मारलं नाही तिने, काका म्हणाले, म्हणून तिलाच सगळ्यात जास्त माहीत आहे. चौथं खांद्याच्या सांध्यावरचं, एका डॉक्टराचं. पाचवं नुसतं स्वस्थ कसं बसावं यावर. हे पाचवं पुस्तक सगळ्यात जाड होतं.

बरं, पुस्तकं वाटून दिली असती तर ती परत आलीच नसती. म्हणून काका वाचणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं. एका उलट्या खोक्यावर त्यांनी कढईला गुंडाळून आणलेली काकूंची जुनी रेशमी ओढणी अंथरली, त्यावर पुस्तक. शिकाऱ्यांना मांडी घालता येईना, ते उलट्या बादल्यांवर बसले. आधी हात धुवायचे, टोपी काढायची. आणि ऐकताना "हं" म्हणायचं. का, असं एकाने विचारलं. त्याशिवाय वाचणाऱ्याला कळत नाही की ऐकणारा जागा आहे, काका म्हणाले. मग काय, अध्याय सुरू झाला. वारा खालून वर कसा चढतो हे काका सांगलीच्या इंग्रजीत खणखणीत वाचताहेत आणि दर वाक्याला सहा दाढ्यांमधून "हं" येतोय. मी मागे खुर्चीवर लॅपटॉप उघडून बसले होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, स्मिता, तुझ्याकडे गाईगुरं आहेत का?

प्रत्येक अध्यायाच्या शेवटी फलश्रुती असायची, ती काका स्वतः रचून आणायचे. जो तिरंदाज हा अध्याय मन लावून ऐकेल, त्याची दोरी भर थंडीत तुटणार नाही. जो दुसऱ्याला सांगेल, त्याचे हरवलेले बाण वसंतात सापडतील. जो मधेच उठून जाईल, त्याला हरीण दिसेल, पण शिंक येईल. इथे सगळे गंभीर झाले, कारण शिकाऱ्याला याहून मोठा शाप नाही. आणि जो प्रसाद न घेता जाईल? रॉयने विचारलं. काका म्हणाले, ते सांगायचं नसतं.

प्रसाद म्हणजे काकूंच्या कढईतला शिरा. रवा सव्वा, तूप सव्वा, साखर सव्वा, केळं घालून. स्टीलच्या डब्यातून गरम गरम. पहिल्या दिवशी रॉयने तळहातावरच्या शिऱ्याचा वास घेतला, तूप बोटाला लावून पाहिलं आणि विचारलं, हे धनुष्याला लावायचं की खायचं? काका म्हणाले, खायचं. रॉयने खाल्लं, आणि उरलेलं तूप धनुष्यालाही लावलं. पुढे दोन महिने तो सगळ्यांना सांगत होता की लाकूड असं चकाकलेलं त्याने कधी पाहिलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी, वाऱ्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय चालू असताना ब्रायन उठला. फोन वाजला नव्हता, काही नाही. मला कंटाळा आला, असं तोंडावर म्हणून तो उठला, जॅकेट घातलं. काकांनी वाचणं थांबवून डबा उघडला, चमचा पुढे केला. ब्रायन म्हणाला, नको, थँक यू, आणि गेला. बाकीचे पाच जण काकांच्या तोंडाकडे बघत होते. काका फक्त "बरं" म्हणाले. पुढचं वाचण्याआधी त्यांनी जमिनीवर पडलेलं बाणाचं एक पीस उचललं आणि त्या पानात ठेवलं. मला वाटलं, खूण असेल.

जुलैत क्लबाची निवडणूक झाली आणि ब्रायन अध्यक्ष झाला. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. त्याने पहिला नियम काढला तो हा, की क्लबाची खोली फक्त पास झालेल्या सभासदांसाठी. हा धनुष्यबाणाचा क्लब आहे, लायब्ररी नाही. दहा बाण, वीस यार्ड, फोमच्या हरणाला तीन लागले की पास. परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. पास झाले तर गुरुवार चालू राहील, नाही तर काकांचा गुरुवार बंद.

तेवीस पुस्तकं वाचलेला माणूस, त्याला काय अवघड? असं मलाही वाटलं. रॉयने नातवासाठी केलेलं हलकं धनुष्य काकांना दिलं आणि शिकवणी सुरू झाली. अरे बाप्पा, ती शिकवणी. एक पुस्तक म्हणतं, दोरी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ओढा. दुसरं म्हणतं, हनुवटीखाली. तिसरं म्हणतं, गालाला चिकटवा. चौथं म्हणतं, विचारच करू नका. काका दोरी ओढून उभे राहायचे आणि चारही लेखकांना डोक्यात भांडू द्यायचे. हात थरथरायला लागायचा, रॉय ओरडायचा, सोडा, सोडा, आणि काका म्हणायचे, थांब, पान एकशे बारावर वेगळं दिलंय. पहिला बाण त्यांच्याच बुटापाशी पडला. दुसरा खांबावर आपटून मागे आला आणि माझ्या गाडीच्या टायरशेजारी रुतला. मी गाडीतच होते. त्यानंतर मी गाडी रस्त्यावर लावायला लागले.

पण सहा आठवडे ते एकही दिवस चुकले नाहीत. मला दर संध्याकाळी घेऊन जावं लागे. बोटांना फोड आले, अन्वीने त्यावर कार्टूनची बँडेड लावून दिली. एकदा मी वैतागून म्हटलं की काका, एवढं काय अडलंय त्या खोलीवाचून? ते म्हणाले, "अगं, तिथे पाच माणसं हं म्हणतात." मी गाडी सुरू केली.

परीक्षेच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिले दोन बाण गवतात. तिसरा हरणाच्या शेपटीच्या वर लागला. रॉयने माझा हात इतका जोरात दाबला की मीच ओरडले. चौथा, पाचवा गेले. सहावा हरणाच्या शिंगात. शिंग चालतं का यावर ब्रायनने नियमांचा कागद काढला, पण काकांनी तो आधीच वाचलेला होता, चालतं. सातवा, आठवा, नववा सगळे हरणाच्या पायांपुढे, हातभर अलीकडे पडले. नेम बरोबर होता, जोर कमी पडत होता. आता एक बाण उरला होता आणि एक हवा होता.

रॉय पुढे आला आणि हळूच म्हणाला, काका, त्या जुन्या रेघेवर उभे राहा. एकच पाऊल पुढे. कोणी काही म्हणणार नाही. मी ब्रायनकडे पाहिलं. तो पाठ फिरवून बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती, चेन होती. गवतात ती पुसट पिवळी रेघ दिसत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, जातील. मी मनात देवाला म्हटलं, जाऊ दे रे बाबा एकदा.

"ती एकोणीसची आहे," काका म्हणाले, आणि वीसवरूनच बाण सोडला.

तो हरणाच्या पुढच्या पायांसमोर पडला. काका स्वतः टेप घेऊन गेले, बसले, मोजलं. चौतीस इंच, त्यांनी ब्रायनला सांगितलं, यार्डाला दोन इंच कमी. म्हणजे जुन्या रेघेवरून लागला असता. हे त्यांनी पिझ्झाचं माप सांगावं तसं सांगितलं. ब्रायनचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, नियम आहे, काका. काका म्हणाले, अगदी बरोबर आहे. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, धनुष्य पुसून रॉयला परत दिलं.

परतताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आता कोणाला वाचून दाखवू?" मी म्हटलं, मला दाखवा. ते म्हणाले, तू चांगली आहेस, पण तू हं म्हणत नाहीस.

पुढच्या गुरुवारी पावणेपाचला मला पलीकडच्या पटेलबेनचा फोन आला की निखिलच्या घरी पोलिसांची रेड पडली आहे का? मी खिडकीतून पाहिलं. आमच्या शांत, एकसारख्या घरांच्या गल्लीत पाच पिकअप ट्रक ओळीने उभे होते. ड्राइव्हवेवर चिखलाने माखलेल्या बुटांच्या पाच जोड्या रांगेत मांडलेल्या. आणि झाडांना पाणी घालायच्या पाइपखाली जंगली रंगाचे कपडे घातलेले पाच जण हात धूत होते. प्रत्येकाने स्वतःची बादली आणली होती. काका गॅरेजमध्ये खोक्यावर ओढणी अंथरत होते. निखिलची बायको मेघना ऑफिसातून आली, तिने हे दृश्य पाहिलं, दोन मिनिटं गाडीतच बसून राहिली आणि मग आत जाऊन रवा भाजायला घेतला. सप्टेंबरअखेर पाचवं पुस्तक, ते स्वस्थ बसायचं, तिथेच पुरं झालं.

ऑक्टोबर उघडला आणि रॉय मला फोन करून बातम्या द्यायला लागला. ब्रायन झाडावर मचाणात बसला होता. पाच वर्षांत दिसलं नव्हतं असं मोठं हरीण आलं, अगदी टप्प्यात. ब्रायनने दोरी ओढली आणि शिंकला. हे सांगताना रॉयला हसू आवरत नव्हतं. नोव्हेंबरात पुन्हा हरीण, पुन्हा शिंक. ब्रायन डॉक्टरकडे गेला, ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या. डिसेंबरात तो गोळी घेऊन, नाकात स्प्रे मारून, तोंडाला मफलर बांधून बसला. दिवसभर एकही शिंक नाही आणि एकही हरीण नाही. संध्याकाळी खाली उतरला, मफलर सोडला, मनसोक्त शिंकला, आणि झाडामागून हरीण पळून गेलं.

एवढ्यात निखिलला पार पश्चिम किनाऱ्याला, बेलव्ह्यूला नोकरी लागली. तिथेच जवळ बॉथेलला घर घेतलं. मार्चमध्ये निघायचं ठरलं. मला हे काकांनी सांगितलं नाही, मेघनाने सांगितलं. मी काकांना जाब विचारला तर म्हणाले, इथून दोन हजार मैल आहे गं, टेप पुरत नाही. एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी मी पॅकिंगला मदत करायला गेले होते. गॅरेजमध्ये खोक्यांचा डोंगर. काकांचा वाचायचा चष्मा मेघनाने चुकून कुठल्यातरी खोक्यात बंद केला होता आणि तो कुठल्या, ते कोणाला माहीत नव्हतं. काका एका बादलीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ट्रकचा आवाज आला. मला वाटलं रॉय. ब्रायन होता. त्याने दाराबाहेर बूट काढले, पाइपचं पाणी गोठलेलं होतं म्हणून बर्फाने हात धुतले, टोपी काढली आणि आत येऊन उभा राहिला. हातात बाण ठेवायची पत्र्याची पेटी.

म्हणाला, माझा एक अध्याय अर्धा राहिलाय.

काका उठले. सगळी पुस्तकं खोक्यांत गेली होती, पण वाऱ्याचं पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर वेगळं ठेवलेलं होतं. त्यांनी ते उघडलं. पीस अजून त्याच पानात होतं. बाकीच्यांचं हे पुस्तक गेल्या मार्चमध्येच पूर्ण झालं होतं, पाचच्या पाच झाली होती, आणि या माणसाने ब्रायनची जागा वर्षभर धरून ठेवली होती. मला तेव्हा कळलं ते पीस कशाची खूण होतं.

पण चष्मा नव्हता. काकांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, आणि शेवटी ब्रायनच्या हातात दिलं. तूच वाच, म्हणाले. आणि ब्रायन, इन्शुरन्सचे कागद वाचतात तशा सपाट आवाजात, खोक्यावर पुस्तक ठेवून वाचायला लागला. वारा दरीत कसा उतरतो, संध्याकाळी कसा फिरतो. काकांनी डोळे मिटले. पहिलं वाक्य संपलं आणि काका म्हणाले, "हं." मी खोकी बंद करायच्या चिकटपट्टीचा रोल हातात धरून तशीच उभी राहिले. चाळीस वर्षं त्यांनी वाचून दाखवलं होतं. त्यांना कोणी वाचून दाखवल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

अध्याय संपला. काकांनी सवयीने आजूबाजूला पाहिलं, पण कढईही खोक्यात बंद झालेली. मग ब्रायनने ती पत्र्याची पेटी उघडली. आत शिरा होता. रॉयने कृती सांगितली होती. रव्याऐवजी सकाळी लापशी करतात ते गव्हाचं पीठ, साखरेऐवजी मेपलचा पाक, आणि एवढ्या एवढ्या गुठळ्या. काकांनी डाव्या हातावर उजवा हात ठेवून तळवा पुढे केला. खाल्लं. मग विचारलं, माप? ब्रायन म्हणाला, एक आणि एक चतुर्थांश, सगळं मोजून. काकांनी मान डोलावली. मग ब्रायनने स्वतः खाल्लं आणि म्हणाला, "आता तरी सांगा. प्रसाद न घेता जाणाऱ्याचं काय होतं?"

काका गुठळी चावत होते. ती गिळून झाल्यावर म्हणाले, "काही नाही. त्याला परत यावं लागतं."

ब्रायन आता दर गुरुवारी क्लबात वाचतो. खोलीचा नियम त्याने स्वतःच रद्द केला. तो वाचतो सपाट, पण मधे थांबून हं ऐकतो, आणि मीसुद्धा हं म्हणते.

काका निघाले त्या दिवशी मी पहाटे उठून शिरा केला. नीट, सव्वाच्या मापाने, केळं घालून. निखिलची गाडी भरून उभी होती, अन्वी मागे, काका पुढे, मांडीवर ओढणीत गुंडाळलेलं वाऱ्याचं पुस्तक. मी काचेतून डबा आत दिला. काकांनी तो उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात परत दिला. मी चिडले. सकाळी पाचला उठून केलाय मी, आणि हे नको म्हणतात. मी म्हटलं, अहो काका, घ्या ना, प्रसाद आहे.

"म्हणूनच नको म्हणतोय," काका म्हणाले.

गाडी निघाली, वळणावर काकांनी हात बाहेर काढून हलवला आणि दिसेनाशी झाली. त्यानंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डबा पोटाशी धरून, बर्फात, माझ्या चार इंच मोठ्या पार्किंगच्या जागेत उभी राहून रडले आणि मग घरात जाऊन त्यांचा वाटा झाकून ठेवला.